शर्ली स्कॉट, शेजारचा बेसवाला आणि मोकळा झालेला डावा हात

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बरीच वर्षं नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करता. अलीकडे हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनच्या धाटणीचा दुमजली कीबोर्ड घेतलात, खाली पायाची पेडलं जोडलीत आणि अमेरिकन जॅझ ऑर्गनवादक शर्ली स्कॉटच्या रेकॉर्ड ऐकायला लागलात. त्यावर एका मित्राने तुम्हाला सांगितलं, की तिच्या बहुतेक रेकॉर्डवर बेस, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांची ओळ, वाजवणारा वेगळा माणूस आहे. स्वतःचा बेस स्वतः वाजवत नाही ती कसली ऑर्गनिस्ट? शिकायचं तर जिमी स्मिथ हा जॅझ ऑर्गनवाला ऐक. मित्राचं म्हणणं बरोबर आहे का आणि तिच्या एवढ्या ढिगातून नेमकं काय ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

मित्राची माहिती बरोबर आहे, पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मी स्वतः पेटीवरून ऑर्गनवर आणि ऑर्गनवरून हॉटेलच्या बँडमध्ये हॅमंडवर आलो. पुढे बरीच वर्षं शिकवलंही. त्या अनुभवावरून सांगतो, बेस कोणी वाजवला यावरून ऑर्गनवाल्याची प्रत ठरत नाही. तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. शेजारी बेसवाला असेल तेव्हा आपल्या डाव्या हाताने आणि पायाने काय करायचं, आणि नसेल तेव्हा काय? हे शिकायला शर्ली स्कॉटइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही, कारण तिने दोन्ही केलंय आणि एकदा तर सहा दिवसांच्या अंतराने केलंय. त्याकडे येतोच.

आधी वाद्याबद्दल, कारण तुमच्या हातापायांना लागलेल्या सवयी इथे आड येणार आहेत. आपला नाटकातला ऑर्गन आणि हॅमंड यांचं नाव एक, पण जात वेगळी. गंधर्व नाटक मंडळीत सारंगी आणि थिरकवाँच्या तबल्याबरोबर जो ऑर्गन वाजायचा, त्यात दोन्ही पाय भात्यात गुंतलेले असतात आणि पायाच्या दाबावर सुराचा श्वास ठरतो. हॅमंडला भाताच नाही. आत मोटरवर फिरणाऱ्या दातेरी पोलादी चकत्या असतात. प्रत्येक चकतीसमोर चुंबक आणि त्यावर तारेचं वेटोळं. चकती फिरली की वेटोळ्यात वीज थरथरते, तोच सूर. लॉरेन्स हॅमंडने हे यंत्र १९३५ मध्ये बाजारात आणलं आणि पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या कितीतरी चर्चनी ते घेतलं. जॅझवाल्यांचं लाडकं बी-थ्री मॉडेल १९५० च्या दशकाच्या मध्यावर आलं. ६१ पट्ट्यांचे दोन मजले आणि खाली २५ पेडलं. पाय इथे हवा भरत नाहीत. डावा पाय बेसचे स्वर वाजवतो आणि उजवा पाय आवाज लहानमोठा करणाऱ्या पेडलवर असतो. म्हणजे आपल्याकडे दोन्ही पाय मिळून जे काम करतात, ते इथे एकट्या उजव्या पायाकडे आलं आणि डाव्या पायाला दुसरीच नोकरी लागली.

या वाद्याचं अर्थकारणही ध्यानात घ्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या लहान बारना पियानोवाला आणि बेसवाला अशा दोघांचे पैसे देण्यापेक्षा एक ऑर्गनवाला परवडायचा. ऑर्गन, ड्रम आणि जोडीला गिटार किंवा टेनर सॅक्सोफोन, की खोली भरून जायची. रविवारी चर्चमध्ये ऐकलेला आवाज शनिवारी रात्री बारमध्ये ब्लूजच्या चालीवर यायचा आणि ऐकणाऱ्याला तो घरचा वाटायचा. सोल जॅझ म्हणतात ते संगीत या खोल्यांमधून आलं. ऑर्गनवाल्याने बेस स्वतः वाजवायचा ही रीत तिथूनच पडली. जिमी स्मिथने ती इतकी उंच नेऊन ठेवली, की पुढे लोकांना तो नियमच वाटायला लागला.

शर्ली स्कॉट फिलाडेल्फियाची, जन्म १४ मार्च १९३४. या एका शहराने आणि त्याच्या आसपासच्या गावांनी किती ऑर्गनवाले दिले पाहा: जिमी स्मिथ शेजारच्या नॉरिसटाउनचा, जिमी मॅकग्रिफ, ट्रुडी पिट्स आणि चार्ल्स अर्लंड खुद्द फिलाडेल्फियाचे. स्कॉट लहानपणी पियानो शिकली, शाळेत ट्रम्पेट वाजवायची. तिचं ट्रम्पेट वाजवणं मला महत्त्वाचं वाटतं. फुंकीच्या वाद्यावर वाढलेला माणूस वाक्य कुठे संपवायचं हे श्वासावरून शिकतो. तिच्या ऑर्गनमध्ये सूर अडकून राहत नाहीत, वाक्यं वेळेवर संपतात, याचं मूळ मला तिथे दिसतं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ती ऑर्गनकडे वळली. त्याच काळात फिलाडेल्फियात हाय-टोन्स नावाच्या बँडमध्ये तिच्या शेजारी टेनरवर होता जॉन कोल्ट्रेन, अजून जगाला माहीत नसलेला.

मग ती टेनरवाला एडी डेव्हिस, म्हणजे लॉकजॉ, याच्या बँडमध्ये गेली आणि १९५८ साली तिचं नाव झालं. त्या वर्षी प्रेस्टीज कंपनीने डेव्हिसची ‘कुकबुक’ ही मालिका काढली. ऑर्गनवर स्कॉट, बेसवर जॉर्ज डुव्हिव्हिए, ड्रमवर आर्थर एजहिल आणि पाहुणा म्हणून बासरी आणि सॅक्सोफोनवर जेरोम रिचर्डसन. पहिल्या भागात ‘इन द किचन’ हा लांबलचक संथ ब्लूज आहे, बारा-तेरा मिनिटांचा. तो ऐकताना डेव्हिसच्या टेनरकडे लक्ष देऊ नका. तो तसाही लक्ष वेधून घेतोच. खाली डुव्हिव्हिएचा डबल बेस, म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं तारवाद्य, पावलं टाकत चालतोय आणि त्याच्या वर, मधल्या सप्तकात, स्कॉट काय करतेय ते ऐका. ती बहुतेक वेळ जवळजवळ काहीच करत नाही. एक कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर, ठेवते, उचलते, दोन मात्रा गप्प राहते, मग टेनरचं वाक्य संपता संपता तीन स्वरांचा एक टकोरा देते. तुम्ही साथ करणारे आहात, तुम्हाला हे लगेच कळेल. गायक जागा घेत असताना ऑर्गनवाल्याने कुठे हात उचलायचा हा जो विवेक असतो ना, अगदी तोच. त्याच वर्षी मे महिन्यात तिने स्वतःच्या नावाची पहिली तबकडी केली, ‘ग्रेट स्कॉट!’. तिच्यातही बेस आणि ड्रमवर हीच जोडी आहे. शोधताना जरा जपून, कारण पुढे १९६४ मध्ये इम्पल्स कंपनीनेही तिची याच नावाची तबकडी काढली. साल पाहून घ्या.

आता जून १९६१.

स्कॉट तेव्हा प्रेस्टीजशी करारबद्ध होती आणि टेनरवाला स्टॅनली टरंटाइन ब्लू नोटशी. दोघं एकत्र वाजवत होती आणि त्याच सुमारास त्यांनी लग्नही केलं. पण करारामुळे एकाला दुसऱ्याच्या कंपनीत आपल्या नावाने वाजवता येत नव्हतं. २ जूनला प्रेस्टीजसाठी तिची ‘हिप सोल’ रेकॉर्ड झाली. तिच्यावर टरंटाइनचं नाव छापलंय ‘स्टॅन टर्नर’. ८ जूनला ब्लू नोटसाठी त्याची ‘डिअरली बिलव्हेड’ झाली आणि तिच्यावर ऑर्गनच्या पुढे नाव आहे ‘लिटल मिस कॉट’. दोन्ही वेळा जागा एकच, न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्स इथला रुडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. तिथला ऑर्गन हॅमंड सी-थ्री होता. आतून तो बी-थ्रीच असतो, फक्त लाकडी पेटी वेगळी. ड्रमवरही दोन्ही वेळा रॉय ब्रूक्सच.

ऑर्गनवाली तीच, टेनरवाला तोच, ड्रमवाला तोच, खोली तीच. फरक एकच. २ जूनला बेसवर हर्बी लुइस होता आणि ८ जूनला बेसवाला नव्हता. बेस तिनेच वाजवला.

एखाद्या शिक्षकाने मुद्दाम ठरवून केला असता तरी याहून नेमका धडा झाला नसता. मी प्रत्येक विद्यार्थ्याला या दोन तबकड्या एकापाठोपाठ ऐकायला लावतो. ‘हिप सोल’वरचा ‘ट्रेन्स ब्लूज’ घ्या, हा तिच्या जुन्या सोबत्याचा, कोल्ट्रेनचाच ब्लूज. आणि ‘डिअरली बिलव्हेड’वरचा ‘वी आवर थीम’ घ्या, तोही ब्लूज, पण संथ. लयी वेगळ्या आहेत हे धरून चाला आणि फक्त जमिनीकडे कान लावा, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराकडे.

पहिल्यात तार छेडल्याचा आवाज येतो. डबल बेसचा स्वर उमटतो आणि लगेच विरायला लागतो. त्या विरण्यात ड्रमला आणि कॉर्डला जागा मिळते, म्हणून स्कॉट वर हलकी राहू शकते. तिचा डावा हात मोकळा आहे. पण ती तो सतत वापरत बसत नाही, गरज पडली की त्याने कॉर्ड जाड करते. कधी दोन्ही हातांनी मिळून ठोकळ्यासारखे स्वरगुच्छ सरकवते, एखाद्या बँडमधले पाच सॅक्सोफोन एकदम वाजावेत तसे. दुसऱ्यात ऑर्गनचा बेस आहे. तो विरत नाही, पट्टी किंवा पेडल दाबलेलं असेपर्यंत तो तसाच उभा असतो आणि सोडलं की एकदम बंद. त्यामुळे स्वर किती लांब ठेवायचा हे प्रत्येक मात्रेला ठरवावं लागतं. थोडा जास्त ठेवला तर चाल चिखलात रुतते, कमी ठेवला तर खुडल्यासारखं होतं. ती हे निभावतेच, शिवाय वरचा उजवा हातही बदलतो. वाक्यं आखूड होतात, जागा जास्त सुटतात. ‘ट्रबल्स ऑफ द वर्ल्ड’ हे चर्चमधलं जुनं गाणंही त्याच तबकडीवर आहे. तिथे तर खालचा सूर आणि वरचा कॉर्ड एकाच छातीतून आल्यासारखे वाटतात. दोन माणसांकडून ते इतकं एकजीव झालं असतं असं मला वाटत नाही.

म्हणून तुमच्या मित्राला सांगा, की तिला बेस येत होता. बेसवाला घेणं हा तिचा वाजवण्याचा एक प्रकार होता आणि त्या प्रकाराला वेगळी शिस्त लागते. ती शिस्त मला फार उशिरा कळली. हॉटेलमध्ये मी सुरुवातीला गिटार आणि ड्रमबरोबर वाजवायचो, बेस माझाच. पुढे बँड वाढला आणि एक बेसिस्ट आला, गोव्याचा, माझ्याहून वयाने बराच मोठा. पहिल्या रात्री मी सवयीने डावा हात खाली चालू ठेवला. मला वाटलं, दोघं मिळून वाजवतोय म्हणजे बेस भक्कम होईल. प्रत्यक्षात त्याचा स्वर आणि माझा स्वर केसभर पुढेमागे पडत होते आणि खाली नुसती गुरगुर झाली होती. नाचणारी माणसं खुर्च्यांवर परत जाऊन बसली. मध्यंतरात तो माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाबा, एक तर तू वाजव, नाहीतर मी.” दुसऱ्या दिवशी मी डावा हात मांडीवर ठेवून वाजवलं. तासभर हात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. पण गाणं चाललं. त्यानंतर मी स्कॉटच्या प्रेस्टीजच्या तबकड्या पुन्हा काढल्या आणि पूर्वी जिथे मला “काही होत नाहीये” असं वाटलं होतं, तिथे किती काही चाललंय ते ऐकू यायला लागलं.

जिमी स्मिथ ऐका हे मात्र मित्राने योग्यच सांगितलंय. त्याची ब्लू नोटवरची पहिली तबकडी १९५६ मध्ये आली आणि त्यानंतर जॅझमध्ये ऑर्गन म्हणजे काय याची व्याख्याच बदलली. तुमच्या अभ्यासासाठी त्याचं २५ एप्रिल १९६० चं काम घ्या, ‘बॅक ॲट द चिकन शॅक’. टेनरवर टरंटाइनच आहे, गिटारवर केनी बरेल, ड्रमवर डोनाल्ड बेली, स्टुडिओही तोच आणि बेसवाला नाही. म्हणजे त्याच टेनरवाल्याच्या खाली दोन वेगळे ऑर्गनवाले स्वतःचा बेस कसा वाजवतात हे तुम्हाला समोरासमोर ठेवता येईल. स्मिथचा बेस पुढे ढकलतो, त्यात एक जोर आहे. स्कॉटचा बेस उचलून धरतो. कोणता तुम्हाला जवळचा वाटेल हे तुमच्या स्वभावावर आहे. त्यात चढउतार लावण्यात मला अर्थ वाटत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ऑर्गनवाला बेस पायाने वाजवतो असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात जलद चालीत बेसची ओळ बऱ्याचदा डाव्या हाताने खालच्या मजल्यावर वाजवतात आणि पायाने त्याच स्वराच्या आसपास हलका टकोरा देतात, डबल बेसची तार छेडल्यासारखा “ठप्” मिळावा म्हणून. संथ लयीत पाय पूर्ण काम करू शकतो. त्यामुळे २५ पेडलं पायाने पळवता येत नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. तुमच्याकडे १३ पेडलांचा संच असेल तरी वर्ष-दोन वर्षं पुरेल.

स्कॉटचा १९६० च्या दशकातला पुढचा प्रवास भराभर सांगतो. प्रेस्टीजवर तिने वीसहून जास्त तबकड्या केल्या. त्या सगळ्या ऐकायची गरज नाही, बऱ्याच एका दिवसात गाणी ठरवून वाजवून मोकळं व्हायचं अशा पद्धतीच्या आहेत. पण जानेवारी १९६३ ची ‘द सोल इज विलिंग’ चुकवू नका. बेसवर मेजर हॉली, ड्रमवर ग्रेडी टेट, टेनरवर अर्थात टरंटाइन. स्कॉट आणि टरंटाइन ही जोडी जोरात आली की काय होतं ते इथे कळतं. इम्पल्सवर तिला मोठे वाद्यवृंद मिळाले, ऑलिव्हर नेल्सन आणि गॅरी मॅकफार्लंडसारखे संयोजक मिळाले. ते काम नीटनेटकं आहे, पण वाद्यवृंदात ऑर्गनची ऊब जरा हरवते असं माझं मत आहे. त्या काळातली मला सगळ्यात आवडते ती ‘क्वीन ऑफ द ऑर्गन’, डिसेंबर १९६४ मध्ये न्यूअर्कच्या ‘फ्रंट रूम’ या क्लबमध्ये थेट रेकॉर्ड केलेली, बेसवर बॉब क्रॅनशॉ. तिच्यात लोकांची दाद ऐकू येते आणि त्या दादेला ती कसं उत्तर देते तेही. ‘क्वीन ऑफ द ऑर्गन’ हे बिरुद पुढे तिला कायमचं चिकटलं.

१९७० च्या आसपास अटलांटिक आणि नंतर कॅडेटवर तिने त्या वेळच्या लोकप्रिय गाण्यांवर तबकड्या केल्या. सोल जॅझची बाजारपेठ तेव्हा बदलत होती, ऑर्गनच्या खोल्या बंद पडत होत्या आणि कंपन्यांना रेडिओवर चालणारं हवं होतं. १९७१ मध्ये टरंटाइनशी घटस्फोट झाला. या काळातलं तिचं काम मी कमी वेळा लावतो.

पण १९७४ च्या शेवटी तिने एक तबकडी केली, ‘वन फॉर मी’, स्ट्राटा-ईस्ट या कंपनीसाठी. ही कंपनी वादकांनीच उभी केलेली होती, वादकाच्या हातात आपलं काम राहावं म्हणून. टेनरवर हॅरल्ड व्हिक, ड्रमवर बिली हिगिन्स आणि बेसवाला नाही. नावातच सगळं आलं: एक माझ्यासाठी. चाळिशीतल्या स्कॉटने इथे पुन्हा बेस स्वतःकडे घेतला. ‘डिअरली बिलव्हेड’नंतर तेरा वर्षांनी हे ऐकलं तर तिच्या डाव्या बाजूचा आत्मविश्वास किती वाढलाय ते कळतं. बेस आता नुसता साथ देत नाही, वाट दाखवतो. हिगिन्सच्या झांजेचा तलम आवाज आणि तिचा खालचा सूर यांच्यामध्ये व्हिकला केवढी मोकळी जागा मिळाली आहे! वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या बेसवर वाजवताना जागा सोडायला शिकलेली बाई स्वतः बेस वाजवतानाही ती जागा बुजवत नाही. तुम्हाला एकच तबकडी घ्यायची असेल तर मी ही सांगेन.

नंतर ती पियानोकडेही परतली. १९९१ मध्ये पियानो, बेस आणि ड्रम अशा त्रिकुटात तिने क्लबमध्ये केलेली रेकॉर्डिंग उपलब्ध आहेत. ती ऐकताना तिचे ऑर्गनवरचे कॉर्ड कुठून आले ते उलगडतं. १९९० च्या दशकात ती पेनसिल्व्हेनियातल्या चेनी विद्यापीठात शिकवत होती, बिल कॉस्बीच्या एका दूरदर्शन कार्यक्रमाची संगीत दिग्दर्शकही होती. वजन कमी करण्याच्या औषधाने तिचं हृदय बिघडलं. त्याबद्दल ती कोर्टात लढली आणि तिला भरपाईही मिळाली. पण १० मार्च २००२ ला, ६८ पूर्ण व्हायला चार दिवस असताना, फिलाडेल्फियात ती गेली.

आता तुमच्या हातांबद्दल. तुमच्या ऑर्गनच्या सवयीतली एक गोष्ट इथे नडणार आहे. तुमच्या कीबोर्डवर पर्कशन नावाचं बटण असेल. ते चालू केलं की स्वराच्या सुरुवातीला “टिक्” असा ठोका येतो, सोल जॅझची खूण म्हणावी असा. गंमत अशी, की खऱ्या हॅमंडवर हा ठोका सगळ्या पट्ट्या सुटल्यानंतरच्या पहिल्या स्वरालाच मिळतो. एक पट्टी दाबलेली असताना दुसरी दाबली तर दुसरीला ठोका नाही. चांगले कीबोर्डही हेच करतात. आपल्याला नाट्यसंगीतात स्वर स्वराला चिकटवून, गळ्यामागे सरकत वाजवायची सवय. मग पर्कशन चालू असूनही ठोका ऐकू येत नाही आणि आपल्याला वाटतं कीबोर्डात दोष आहे. माझ्याकडे आलेल्या बहुतेक पेटीवाल्यांनी हीच तक्रार केली आहे. दोष नसतो, बोटं वेळेवर उचलली जात नसतात. आणि याच गोष्टीचा उपयोगही करता येतो. वाक्याचा पहिला स्वर ठोक्याने, पुढचे चिकटवून, मग हात उचलून पुन्हा ठोका. स्कॉटची वाक्यं अशीच बोलतात. एक दिवस फक्त हेच ऐका आणि जिथे ठोका येतो तिथे टेबलावर बोट आपटा.

रियाजासाठी बारा खंडांचा ब्लूज घ्या. प्रत्येक खंड चार मात्रांचा, म्हणजे तुमच्या भाषेत अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. पहिले चार खंड षड्जावर, दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन षड्जावर. मात्रेचे दोन सारखे भाग करू नका, पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवा. दादऱ्यातल्या तीन मात्रांपैकी दोन मात्रा धरून तिसरी उचलल्यासारखं ते वाटेल. लय इतकी संथ ठेवा की कंटाळा यावा. एक आवर्तन डाव्या हाताने बेस आणि उजव्या हाताने नुसते कॉर्ड. दुसऱ्या आवर्तनात कोणाकडून तरी बेस वाजवून घ्या किंवा आपलाच रेकॉर्ड केलेला लावा, आणि डावा हात पट्ट्यांवरून काढून घ्या. आवर्तनाआड आवर्तन असंच. पहिल्या आठवड्यात डावा हात न विचारता खाली जाईल. तो जाऊ लागला की थांबा, सम धरा, परत सुरू करा.

ऐकण्याचा क्रम मी असा ठेवेन: आधी ‘हिप सोल’ आणि ‘डिअरली बिलव्हेड’ जोडीने, मग ‘बॅक ॲट द चिकन शॅक’, मग मागे जाऊन ‘कुकबुक’चा पहिला भाग आणि शेवटी ‘वन फॉर मी’. बाकीचं जसं मिळेल तसं. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्यावर बेस जवळजवळ येतच नाही, आणि इथे जे काही सांगितलं ते सगळं त्या खालच्या दोन सप्तकांतच आहे. बरे हेडफोन घ्या. आणि पुढच्या नाटकाच्या प्रयोगाला तुमच्याबरोबर बेस गिटारवाला असणार की नाही ते मला कळवा, कारण डाव्या हाताने नेमकं काय वाजवायचं ते मला त्यावरूनच सांगता येईल.